थेरपी हवीच, पण कशासाठी?

ऑटिझम (स्वमग्नता), एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता), अध्ययन अक्षमता (वाचणं-लिहिणं-गणित शिकण्यातली अडचण) असलेल्या मुलांच्या थेरपीवरून सध्या पालकसभांत आणि आमच्या व्यवसायातल्या चर्चासत्रांत जो वाद रंगतो, तो ऐकून मी अस्वस्थ होते. एक बाजू म्हणते, निदान लवकर करा, आठवड्याला जमतील तितके तास थेरपी द्या, पहिलीत जाईपर्यंत मूल चारचौघांसारखं झालं पाहिजे. दुसरी म्हणते, मेंदूची घडण वेगळी आहे, हा आजार नाही. तेव्हा मुलाला बदलायला निघालेली प्रत्येक थेरपी हा छळच. पहिले दुसऱ्यांना बेफिकीर ठरवतात, दुसरे पहिल्यांना क्रूर. दोघांच्याही बोलण्यात सगळं काही एकट्या मुलाभोवती फिरतं. त्याचं घर, त्याची शाळा, त्याच्यापायी रात्र-रात्र जागणारी आई यांचा उल्लेख आलाच तर शेवटच्या पाच मिनिटांत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं करता यावीत म्हणून मदत करणारी, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरात काम करते, आणि माझं कामाचं सगळं आयुष्य या मुलांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत गेलं आहे. माझं म्हणणं असं की थेरपी हवीच, पण मूल इतरांसारखं दिसावं यासाठी नको. काय हवं, काय नको, कुठे दुखतंय हे त्याला त्याच्या पद्धतीने सांगता यावं, रोजचं जगणं त्याला झेपावं, आणि ते काय सांगतंय हे कळण्याइतकं त्याचं घर आणि शाळा तयार व्हावी, यासाठी हवी. घर आणि शाळा हे थेरपीचं जोडकाम नाही. ते निम्मं काम आहे.

पहिल्या बाजूचा मुद्दा हलका मुळीच नाही. लहान वयात मदत मिळाली तर फरक पडतो, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं आहे. 'मुलगे उशिराच बोलतात, याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत गप्पच होते' असं म्हणत घरातली मोठी माणसं थांबतात, आणि त्या थांबण्यात गेलेली वर्षं परत मिळत नाहीत. शिवाय समाज उद्या सकाळी बदलणार नाही. 'शाळेने समजून घ्यायला हवं' हे मलाही पटतं. पण ज्याला या जूनमध्ये प्रवेश हवाय त्या बापाने तोवर काय करायचं? 'आमच्यामागे याचं कसं होणार?' हा प्रश्न ज्या घराला झोपू देत नाही, त्या घराला 'तो आहे तसा स्वीकारा' एवढं सांगून परत पाठवणं म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणं आहे.

पण 'चारचौघांसारखं' हे माप आलं कुठून? १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ईव्हार लोवास यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९ लहान ऑटिस्टिक मुलांना आठवड्याला ४० तासांपर्यंत, दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ वर्तनाचं प्रशिक्षण दिलं. त्यांतली ९ मुलं सर्वसाधारण बुद्ध्यंकापर्यंत पोहोचली आणि नेहमीच्या शाळेत पहिली पास झाली. आजही 'चाळीस तास' हा आकडा पालकांच्या तोंडी असतो तो तिथूनच आलेला आहे. कुणाला हे पूर्ण प्रशिक्षण द्यायचं आणि कुणाला फक्त तुलनेसाठी ठेवायचं, ही मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, आणि त्या प्रशिक्षणात मोठ्याने 'नो' ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं हेही होतं, या दोन गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. याच लोवास यांचं नाव १९७४ च्या एका शोधनिबंधावर आहे. त्यात 'बायकी' वागणाऱ्या एका लहान मुलाला बक्षिसं आणि शिक्षा यांच्या बळावर 'पुरुषी' वागायला लावलं होतं. तो प्रयोग आज कुणी अभिमानाने सांगेल का? मुलाचं वागणं बघणाऱ्यांना खटकतं, म्हणून ते बदलायचं, हा विचार दोन्हीकडे एकच होता. एका ठिकाणी आपल्याला त्याची लाज वाटायला लागली, दुसऱ्या ठिकाणी अजून पुरती वाटत नाही. आज चांगल्या केंद्रांत कुणी चापट मारत नाही, हे मान्य. पण 'माझ्याकडे बघ', 'हात खाली', 'नीट बस' यावर चॉकलेटचा तुकडा देणं सर्रास चालतं, आणि मूल किती वेळा ऐकतं याचे आलेख आईबापांना प्रगती म्हणून दाखवले जातात.

आज्ञाधारकपणा हे माप किती धोक्याचं आहे, ते मला एका मुलीमुळे नीट कळलं. सहा वर्षांची, न बोलणारी. आधीच्या एका केंद्रात ती 'खूप शहाणी' म्हणून नावाजली गेली होती: बस म्हटलं की बसायची, हात पुढे म्हटलं की पुढे. आमच्याकडे आम्ही तिला चित्रांची कार्डं दिली. त्यांत लाल फुलीचं एक 'नको'चं कार्ड होतं. कित्येक आठवडे ती त्याला हात लावेना. मग एके दिवशी मी तिच्यापुढे ओली माती ठेवली. तिला चिकट स्पर्श सहन होत नाही, हे मला माहीत होतं. तिने मातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते कार्ड उचलून माझ्या तळहातावर दाबून ठेवलं. मी ताबडतोब माती उचलली. पुढच्या आठवड्यात आजी तक्रार घेऊन आल्या: "मॅडम, घरी प्रत्येक गोष्टीला ते लाल कार्ड दाखवायला लागलीय. पोरीच्या जातीला नको म्हणायला कशाला शिकवता?" मी म्हटलं, "आजी, उद्या कुणी तिच्या अंगाला नको तिथे हात लावला तर तिने काय करावं असं तुम्हाला वाटतं?" आजी बराच वेळ गप्प बसल्या. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ मध्ये आला. शाळाशाळांत 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' शिकवणं सुरू झालं. पण ज्या मुलांना आपण वर्षानुवर्षं 'मोठं माणूस सांगेल ते निमूट करायचं' हेच शिकवलं, ती कुठल्या स्पर्शाला विरोध करणार? मूल किती ऐकतं यापेक्षा, त्याला नकार देता येतो का आणि तो नकार मानला जातो का, हे मला थेरपीचं जास्त खरं माप वाटतं.

इथवर वाचून दुसऱ्या बाजूच्या लोकांना वाटेल, मी त्यांचीच. अर्धी आहे. जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्याने १९९३ मध्ये आईबापांना सांगितलं की आमच्या असण्याचा शोक करू नका. जुडी सिंगर यांनी १९९८ च्या सुमारास 'न्यूरोडायव्हर्सिटी'ची, म्हणजे माणसामाणसाच्या मेंदूची घडण वेगळी असणं स्वाभाविक आहे ही, कल्पना मांडली. तेव्हापासून मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांनी स्वतः जे सांगितलं, त्यातून माझ्या व्यवसायाला त्याआधी कधी मिळालं नव्हतं इतकं शिकायला मिळालं. डोळ्याला डोळा भिडवायला लावणं म्हणजे त्यांच्यातल्या कित्येकांसाठी काय यातना असते, हात हलवणं हा चाळा नसून स्वतःला सावरण्याचा मार्ग असतो, दिवसभर 'नॉर्मल' दिसण्याची कसरत केल्यावर घरी येऊन माणूस कसा कोसळतो, हे आम्हाला कुठल्या पाठ्यपुस्तकाने शिकवलं नव्हतं.

तरीही 'थेरपीच नको' हे मी मान्य करणार नाही. दाढ दुखतेय आणि सांगता येत नाही, म्हणून भिंतीवर डोकं आपटणारा मुलगा असतो. फक्त पांढरा भात आणि एकाच कंपनीचं बिस्किट खाणारी, त्यामुळे रक्त कमी झालेली मुलगी असते. चौदा वर्षांचा मुलगा अजून लंगोटात असतो आणि त्याची आई कंबरदुखीने वाकलेली असते. या मुलांना शौचाचं भान, चावून खाणं, रस्ता ओलांडणं, दुखतंय तिथे बोट ठेवणं शिकवलं, तर त्यांच्या वेगळेपणाचा कोणता अपमान होतो? या चळवळीत ज्यांचा आवाज पोहोचतो ते बहुतेक जण लिहू-बोलू शकणारे आहेत, ही पालकांची तक्रार खोटी नाही. त्यावर उत्तर मात्र लिहू-बोलू शकणाऱ्यांना गप्प करणं हे नव्हे. जे बोलू शकत नाहीत त्यांना सांगण्याचं साधन देणं हे आहे, आणि ते साधन थेरपीशिवाय हातात येत नाही. सिंक्लेअर यांनीही आईबापांना 'आम्हाला सोडून द्या' असं म्हटलेलं नाही. आम्हाला तुमची मदत हवी आहे, असंच म्हटलं आहे.

सांगणं आणि बोलणं या दोन गोष्टींची गल्लत या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. पहिल्या भेटीत जवळपास प्रत्येक पालक विचारतात, "मॅडम, बोलायला कधी लागेल?" प्रश्न अगदी माणसाचा आहे, 'आई' ही हाक ऐकायला कोण आसुसलेलं नसतं? पण बोलण्याच्या हट्टाने काय होतं याचा एक मोठा धडा इतिहासात आहे. १८८० मध्ये मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जवळजवळ सगळे प्रतिनिधी ऐकू येणारे होते. त्यांनी ठराव केला की शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करून तोंडी बोलण्याचंच शिक्षण द्यावं. हेतू वाईट नव्हता. मुलं समाजात मिसळावीत असंच त्यांना वाटत होतं. त्यानंतरच्या पिढ्यांची मुलं हात बांधल्यासारखी वर्गात बसली, ओठ वाचत आणि आवाज काढायला शिकत राहिली. विचार करायला लागणारी भाषाच त्यांना वेळेवर मिळाली नाही. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत ते ठराव नाकारून खेद व्यक्त झाला, म्हणजे १३० वर्षांनी. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था २०१५ मध्ये उभी राहिली. आज न बोलणाऱ्या ऑटिस्टिक मुलाच्या आईला 'कार्डं दिलीत तर तो बोलायचा आळस करेल' असं सांगितलं जातं, तेव्हा मला मिलानच आठवतं. कार्डांनी किंवा टॅबने बोलणं अडत नाही. उलट सांगितल्याने काहीतरी घडतं हे कळलं की काही मुलांना आवाजाचीही उमेद येते. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं ॲप मराठीतही आहे. ते मोबाइलवर उतरवायला पाच मिनिटं लागतात. घरच्यांना पटवायला मला कधी कधी वर्ष लागतं.

घरच्यांचा विषय निघाला की आमच्या व्यवसायाने मान खाली घालावी असा इतिहास समोर येतो. १९४३ मध्ये अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमला नाव दिलं. पुढे त्यांनीच आईबापांच्या थंडपणाबद्दल लिहिलं, आणि ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ पर्यंत त्याचा सिद्धान्त केला: आईने माया दिली नाही म्हणून मूल असं झालं. आधीच खचलेल्या बायकांना एका पिढीने जवळपास गुन्हेगार ठरवलं. तो सिद्धान्त मोडायला पुढे आले ते बर्नार्ड रिम्लंड हे मानसशास्त्रज्ञ, आणि ते स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. १९६४ मध्ये त्यांनी याचं मूळ शरीरात आहे हे पुराव्यांनिशी मांडलं. आपल्याकडेही दिल्लीत १९९१ मध्ये 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू झाली ती एका आईच्या, मेरी बरुआ यांच्या पुढाकाराने. पण आईला दोष देण्याची खोड गेली का? आता तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत येते. नोकरी करते म्हणून. मोबाइल दिला म्हणून. गरोदरपणी काळजी घेतली नाही म्हणून. आणि सर्वांत वाईट म्हणजे आम्ही थेरपिस्ट दिलेला 'होम प्रोग्राम' केला नाही म्हणून. पहाटे साडेपाचला नळाला पाणी येतं तेव्हापासून उभी असलेल्या बाईच्या हातात आपण दोन पानांची यादी देतो: ब्रशिंग (मऊ ब्रशने अंग चोळणं) दिवसातून सहा वेळा, झोका वीस मिनिटं, जेवणाआधी जबड्याचे व्यायाम. पुढच्या वेळी ती नजर चुकवून म्हणते, "मॅडम, या आठवड्यात नाही जमलं." न जमण्यासारखं काम कुणी दिलं?

म्हणून मला गोव्यातल्या एका प्रयोगाचं महत्त्व वाटतं. 'संगत' ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था तिथे १९९६ पासून काम करते. गोवा आणि रावळपिंडी अशा दोन ठिकाणी ६५ ऑटिस्टिक मुलांचा हा अभ्यास झाला. त्यांतल्या सुमारे निम्म्या मुलांच्या आईबापांसोबत, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी काम केलं; बाकीची मुलं तुलनेसाठी होती. आईबाप मुलाशी खेळतानाचं चित्रण करायचं, मग ते एकत्र बसून पाहायचं, आणि मुलाने दिलेली बारीकशी खूण कुठे निसटली, कुठे टिपली गेली ते त्यांनाच शोधू द्यायचं. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. पालकांचं वागणं मुलाच्या लयीशी अधिक जुळलं आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे. पण तासाला भरमसाट फी घेणारं केंद्र ज्या तालुक्यात कधीच उघडणार नाही, तिथे पोहोचू शकणारी ही वाट आहे. त्यात आईला कामगार म्हणून राबवलेलं नाही. तिच्या मुलाला सर्वांत जास्त ओळखणारं माणूस म्हणून तिला विचारलेलं आहे.

आता शाळा. एका झेडपी शाळेतला सात वर्षांचा मुलगा रोज मनगट चावायचा. हाताला घट्टे पडले होते. शाळेचं म्हणणं, 'आधी चावणं बंद करा, मग पाठवा.' मी शाळेत जाऊन बसले. त्याच्या वर्गाच्या दारालाच रुळाचा तुकडा टांगलेला होता. तासातासाला शिपाई त्यावर लोखंडी सळई हाणायचा. माझे स्वतःचे कान बधिर झाले. मुख्याध्यापक समजूतदार निघाले. टोल मागच्या लिंबाच्या झाडाला गेला, आणि वाजायच्या आधी बाई त्याला घड्याळाचं चित्र दाखवायला लागल्या. चावणं थांबलं नाही, पण पुष्कळ कमी झालं. हे काम माझ्या खोलीत बसून किती तासांत झालं असतं?

'प्रत्येकासाठी शाळा कशी बदलणार?' हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर महाराष्ट्राने स्वतःच एकदा दिलं आहे. १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत अधिकृत सवलती देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण न कापणं, गणकयंत्र वापरायची मुभा. मुंबईत शीवच्या रुग्णालयात तपासणीची सोय झाली. तोवर 'मठ्ठ', 'आळशी' म्हणून मार खाणारी मुलं पास व्हायला लागली. त्यांच्या मेंदूत काय बदललं होतं? काहीच नाही, मंडळाचा नियम बदलला होता. त्या वेळीही ओरड झालीच की श्रीमंतांची मुलं प्रमाणपत्रं मिळवतील, गुणवत्ता घसरेल. पहिला आक्षेप काही अंशी खराही ठरला. फायदा आधी पोहोचला तो मुख्यतः मोठ्या शहरांतल्या, इंग्रजी माध्यमाच्या मुलांपर्यंत. पण त्यावरून सवलत चुकीची ठरत नाही. ती खेड्यातल्या मराठी शाळेत पोहोचवणं राहून गेलं, एवढंच ठरतं.

खुद्द माझ्या व्यवसायाचा उगम पाहिला तरी हेच दिसतं. १९५० मध्ये कमलाबाई निंबकर यांनी मुंबईच्या केईएममध्ये आशियातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. या शास्त्रात रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न 'तुझ्यात बिघाड काय' हा कधीच नव्हता. 'दिवसभरात तुला काय करायचंय, आणि कशामुळे अडतंय' हा होता. अडचण हातात असेल तर हातावर काम करायचं, पायरीत असेल तर पायरी बदलायची. मुलांच्या थेरपीत येताना आम्ही ती पायरी विसरलो, कारण पैसे खोलीतल्या तासाचे मिळतात, शाळेत जाऊन टोल हलवण्याचे मिळत नाहीत.

पैशाचा विषय आला म्हणून थोडक्यात: 'सहा महिन्यांत बोलेल' अशी हमी देणाऱ्याकडून उठून यावं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेल (मूलपेशी) ऑटिझमवरचा मान्यताप्राप्त उपचार नाहीत. तरी त्यासाठी शेती विकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असायला हवी, हे १९९२ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक विचारायला पालकांनी संकोचू नये.

खरी टंचाई वेगळीच आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत, देशातल्या पाच ठिकाणी, ६ ते ९ वर्षांच्या मुलांत मेंदूच्या विकासाशी निगडित नऊ अडचणींपैकी किमान एक असण्याचं प्रमाण ठिकाणानुसार ६.५ ते १८.५ टक्के आढळलं. म्हणजे जवळपास प्रत्येक वर्गात अशी मुलं आहेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये झाला; किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याला लवकर निदान व उपचाराचं केंद्र असण्याची तरतूद आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या 'निरामय' योजनेत १ लाखापर्यंतचं विमा-संरक्षण आहे, त्यात थेरपीचा खर्चही येतो. अठरा वर्षांनंतर मुलाचं कायदेशीर पालकत्व कुणाकडे असावं हे ठरवणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. कागद बरेच भक्कम आहेत. पण माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांनी 'निरामय'चं नावही ऐकलेलं नसतं, आणि विशेष शिक्षक विचाराल तर एक कंत्राटी बाई स्कूटीवरून डझनावारी शाळा फिरत असतात, पुढच्या वर्षी आपली नेमणूक राहील की नाही हे त्यांनाही ठाऊक नसतं.

थेरपी योग्य की अयोग्य यावर व्यासपीठावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंकडे संघटना आहेत, बोलणारी माणसं आहेत, वर्तमानपत्रांत जागा आहे. त्यांनी आपापल्या जिल्हा परिषदेकडे पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी तीन आकडे लेखी मागावेत: जिल्ह्यात अशी मुलं किती नोंदली आहेत, विशेष शिक्षकांची पदं किती मंजूर आहेत, आणि त्यांतली कायमस्वरूपी भरलेली किती. या मागणीच्या पत्रावर लोवासच्या अनुयायांनाही सही करता येईल आणि सिंक्लेअरच्याही.